अपडेटच्या कुलपाची हकीकत

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, मोहरीएवढा तांबडा ठिपका मंगळवारपासून ठाण मांडून होता. तो कोणामुळे बसला आणि कोणाच्या हुकुमाने उठला, याची हकीकत येणेप्रमाणे.

शनिवारी दोन प्रहरी पाणीतपासणी खात्याच्या सूनबाईसाहेब घरच्या संगणकासमोर दाखल जाहल्या. विहिरींचा अहवाल पाचाच्या आत रवाना होणे जरूर. न जाय तर एक दूषित विहीर आणखी महिनाभर उघडी राहणार. आणि आलेख काढणारा प्रोग्राम अडून बसला की, अगोदर अपडेट, मग आलेख. मग बाईंनी अपडेटचा हुकूम सोडला, आणि यंत्राचा जबाब आला की प्रोग्रामांच्या कोठारास कुलूप आहे, किल्ली दुसऱ्याच प्रोग्रामच्या कबजात आहे. मग पुन्हा हुकूम, आणि पुन्हा तोच जबाब. मग मसलतीस इंटरनेट धुंडाळिले. तेथील मातब्बरांनी एकमुखाने सांगितले की कुलूप फोडावे. परंतु बाई शास्त्र शिकलेल्या. किल्ली कोणापाशी हे कळल्याखेरीज कुलपास हात लावणे त्यांस नामंजूर. मग कसून तपास केला, आणि खबर लागली की कुलूप मंगळवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी पडले.

त्या समयी संगणकावर यजमानांचा अंमल असे. ते सोफ्यावर वर्तमानपत्राआड तळ देऊन होते.

“मंगळवारी अपडेट तू चालू केलंस?”

“केलं होतं. मग त्यानं एक प्रश्न विचारला.”

“मग?”

“मिनिमाइज केलं.”

दडविलेली खिडकी वर आणिली, तो चार दिवसांचा प्रश्न तेथेच उभा: पत्त्यांचा जुना खेळ नव्या बंदोबस्तात बसत नाही, काढून टाकावा काय, हो की नाही.

“आई रोज दुपारी तेवढंच खेळते,” यजमान हळू बोलले. “तिला कोण सांगणार?”

“मग ‘नाही’ म्हणायचंस.”

“नाही म्हटलं तर तुझं काम अडलं असतं.”

“आत्ता काय चाललंय?”

चार वाजून चाळीस मिनिटे जाहली. आत जाऊन अर्ज कोणी करावा यावर उभयतांत तह होईना. इतक्यात खेळाची वेळ टळली म्हणोन सासूबाई खुद्द चष्मा पुशीत बाहेर आल्या, आणि सर्व मजकूर त्यांचे कानी घालणे भाग पडले. त्यांनी चष्मा पुसला, चढविला, प्रश्न अथपासून इतिपर्यंत वाचिला आणि निर्णय दिला.

मग कुलूप आपोआप निघाले, आणि अपडेट उतरले, आणि तांबडा ठिपका उठला, आणि अहवाल पाचास चार मिनिटे कमी असता रवाना जाहला. आपले बाजूस जखमी कोणी नाही. ज्या हुकुमाने ही फत्ते लाभली, तो दफ्तरी शब्दशः नमूद केला असे:

“म्हण बाबा हो, एकदाचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू एवढ्या हौसेनं बसवून दिलास, म्हणून चार वर्षं खेळतेय. मला पत्ते कधीच आवडले नाहीत.”