डोमाजी गुरुजींना बेरीज येत नाही

आमच्या शाळेतल्या डोमाजी गुरुजींना नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षीही सात आणि पाच किती, हे सांगता येत नसे. निदान दुसरीच्या वर्गाची तशी पक्की समजूत होती, आणि ती त्यांनी मोठ्या कष्टानं करून दिली होती.

साकोलीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखालचं आमचं गाव. शाळा दोन शिक्षकी. पहिली-तिसरी माझ्याकडे, दुसरी-चौथी त्यांच्याकडे. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं. "मुलांना बोलतं करा," असं तिथले साहेब तीन दिवस एकटेच बोलत होते. आम्ही सगळे व्यवस्थित झोपलो. डोमाजी तेवढे जागे राहिले आणि त्याचे परिणाम गावाला भोगावे लागले.

परत आल्यावर त्यांनी खुर्ची कोपऱ्यात सरकवली आणि पोरांमध्ये टाटपट्टीवर मांडी ठोकली. हातात पाटी, समोर चिंचोके. "मले समजून नाही राहिलं बा, तू सांग," हे त्यांचं पालुपद. पोरं सांगत, हे चुकत. पोरं कपाळाला हात लावत आणि पुन्हा सांगत. चुकण्यातही माणूस काय नेकीनं चुकायचा! आम्ही पाठाचं टाचण काढायचो. त्यांच्या टाचणात उद्या कुठं चुकायचं याची यादी असे. "काल हातचा विसरलो. आजही तेच विसरलो तर पोट्टे वैतागतीन," असं मला गंभीरपणे सांगत. मी हसू दाबून मान डोलावत असे. त्यांचा वर्ग एवढा कालवा करी की माझ्या वर्गातल्या छडीचा आवाजही ऐकू येत नसे.

त्या वर्गात शेवंता होती. पहिलीत वर्षभर माझ्याकडे होती, पण तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी सगळे उपाय केले, म्हणजे छडी मारली. डोमाजींकडे मात्र हीच पोर त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे आणि खणखणीत आवाजात त्यांना झापे, "असं नाही वो गुरुजी! किती वेळा सांगू तुमाले?" मला थोडं झोंबलं. थोडं कशाला, चांगलंच झोंबलं.

पोरं घरी जाऊन अभिमानानं सांगू लागली, "आज म्या गुरुजीले बेरीज शिकवली." आईबापांनी ते खरं मानलं. धानाची रोवणी चाललेल्या बांधीत, चहाच्या टपरीवर एकच विषय, "यंदा मास्तर दुसरीत नापास होते वाटते." शेवटी तालुक्याला अर्ज गेला, शिक्षकास बेरीज येत नाही, सबब बदलून मिळावा.

तालुक्याचे साहेब तपासणीला आले. भर वर्गात, सरपंचांच्या देखत त्यांनी विचारलं, "गुरुजी, सात अन् पाच किती?"

बारा म्हटलं की सुटले असते. मी दारातून खुणा करत होतो. डोमाजींनी साहेबांकडे पाहिलं, मग शेवंताकडे. ती नुसत्या ओठांनी त्यांना 'बारा, बारा' सांगत होती. हे गप्पच. शेवटी तीच उठली.

"साहेब, त्याईले रागावू नका. आता आता येऊन राहिलं त्याईले. मी शिकवतो ना. दिवाळीवरी येईन."

साहेबांनी शेरा लिहिला. आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला, थेट जंगलातल्या एका गावी.

त्यांना पोहोचवायला मी बसथांब्यावर गेलो. मी चिडलेलोच होतो. "अहो, बारा म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"मले येते, हे तिले समजलं असतं ना, गुरुजी."

बस आली. ट्रंक टपावर चढवून ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "साऱ्या शाळेत तिच्याहून कमी येणारा तिले मीच एक भेटलो होतो. आता कोणासंग बोलन ते?"

दुसऱ्या दिवसापासून दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला.