टेम्पोचं पासिंग आणि कान्हूचा हात

गाडीच्या कामात मला कोणी शिकवायला येऊ नये! सव्वीस वर्षं मी पेणजवळच्या आमच्या जिते गावाहून टेम्पो हाकतोय. अक्षरं तेवढी उशिरा भेटली, साठीला आल्यावर. पण आता औषधाच्या बाटलीपासून एसटीच्या पाटीपर्यंत मी काहीही वाचायचं सोडत नाही. त्यामुळे टेम्पोचा ब्रेकचा दिवा लागेना, तेव्हा मेकॅनिककडे न जाता मी पेणच्या बाजारातून गाडीदुरुस्तीचं मराठी पुस्तकच आणलं.

घाई होती. गुरुवारी आरटीओच्या साहेबांकडे गाडीचं पासिंग. ते झालं तर शुक्रवारी हमरापूरहून साठ गणपती रोह्याला हैबतरावांच्या दुकानात न्यायचे. नाही झालं तर हैबतराव दुसरी गाडी बघणार, आणि एकदा दुसरी बघितली की पुढच्या वर्षी आपली आठवण कोण काढतो?

पासिंगला टेम्पो देखणा दिसावा म्हणून माझ्या भाच्याने, कान्हूने, तो मागच्याच आठवड्यात रंगवून दिला होता. कान्हू हमरापूरला मूर्ती रंगवतो. त्याने टेम्पोला रंगाचे तीन हात दिले. स्क्रूसुद्धा सोडला नाही. टेम्पो असा झळकला की वाटेत दोघांनी नमस्कार केला!

माझं वाचन सावकाश. म्हणून एक ओळ वाचायची, तेवढं काम करायचं, मग पुढची ओळ. पहिली ओळ बल्बची. बल्ब बदलला, ब्रेक दाबला. माझी बायको काशीबाई टेम्पोमागे पाटावर वाल सोलत बसली होती.

"पेटला का गो?"

"नाय."

फ्यूज बदलला. नाय. ब्रेकचा स्विच बदलला. नाय. उलट ब्रेक दाबला की मागचे साधे दिवे मंद व्हायचे आणि डावीकडचा सिग्नल मिणमिणायचा. मास्तरांनी एकाला विचारावं आणि भलत्यानेच हात वर करावा, तसं! शेवटी शेवटी तर मी पाय ठेवायच्या आधीच काशी "नाय" म्हणायला लागली.

मंगळवारी रामवाडीच्या जगन वायरमनला बोलावलं. त्याने दिवसभर टेम्पोच्या पोटात डोकं घालून सगळ्या वायरी बदलल्या आणि जुन्या वायरींचं भेंडोळं माझ्या हातात दिलं. म्हणाला, वायरिंग आता नव्या नवरीसारखं आहे, दिव्यालाच पेटायचं नसेल तर मी काय करू?

बुधवारी दुपारी मी पानाच्या शेवटच्या ओळीला पोचलो. तिथे लिहिलं होतं: 'सूचना: वरील सर्व करण्याआधी दिव्याचे अर्थिंग तपासावे.'

करण्याआधी! मग ही ओळ वर छापायला काय झालं होतं?

दिव्यातली वीज गाडीच्या लोखंडातूनच बॅटरीकडे परत जाते. आणि आमच्या दिव्याच्या न् लोखंडाच्या मधोमध कान्हूचे तीन हात बसले होते! मी दोन्ही दिवे काढले, मागचं लोखंड कोयतीने चकचकीत खरवडलं, दिवे घट्ट बसवले आणि ब्रेक दाबला.

वाल सोलायचे थांबले.

"अवो," काशी हळूच म्हणाली, "जास्वंदीगत पेटलाय."

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं पेणला पासिंगच्या रांगेत उभे होतो. आपलं रंगकाम साहेब बघणार म्हणून कान्हू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. साहेबांनी इंजिन बघितलं, हॉर्न वाजवला, रंगावरून हात फिरवून मान डोलावली. मग मागे जाऊन उभे राहिले.

"ब्रेक दाबा."

मी ऐटीत दाबला.

"दाबा ना."

मी उभा राहून दाबला. मागून काशीचा आवाज आला, "नाय."

खाली उतरलो तर कान्हू खुशीत सांगत होता, "मामा, दिव्याच्या कडेनं खरवडलेलं दिसत व्हतं. तुम्ही आंघोळीला गेलात तवा दिवे काढून मागून पण गननं रंग मारला, मस्त सुकवला न् दिवे परत बसवले. मूर्तीची पाठ आपण कच्ची सोडत नाय."

साहेबांनी कागद हातात दिला. त्यावर दोन ओळी होत्या. 'रंगकाम उत्तम. ब्रेकचा दिवा बंद, नापास.'

खिशात हैबतरावांचा फोन वाजायला लागला.

"काय लिवलंय वो?" काशीने विचारलं.

मी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटासुद्धा धरला.

"साहेबांचं अक्षर," मी म्हणालो, "काय लागत नाय गो."