फांदीवरची पिशवी

संध्याकाळी साडेपाच वाजता आमची खाण्याची पिशवी झाडावर नव्हती. दोरही नव्हता.

पिशवी मीच बांधली होती. आमच्या वर्तमानपत्रात अस्वलांच्या रानात मुक्काम कसा करावा याचं पान मी तयार केलं होतं. त्यामुळे एकही अस्वल न पाहता मी घरातला तज्ज्ञ होतो. वास येणारी प्रत्येक वस्तू तंबूपासून लांब, उंच फांदीला टांगायची, हा नियम. बायकोचं क्रीम गेलं, टूथपेस्ट गेली. मेहुण्याच्या जाकिटाच्या खिशात बिस्किटं निघाली, म्हणून अख्खं जाकीट पिशवीत कोंबलं.

"भाऊजी, खिशात गाडीची किल्ली आहे."

"तिलाही बिस्किटांचा वास लागला असणार," मी म्हणालो.

आम्ही झऱ्यावरून परत आलो तर फांदी मोकळी. अस्वल दोर तोडेल, पण माझी गाठ त्याच्या बापाला सुटायची नाही, असं मी सकाळीच सांगून बसलो होतो. खाली दोराचा एक तंतूही पडला नव्हता. अंधाराआधी किल्ली मिळाली नाही, तर पिशवी नेणाऱ्याच्या शेजारीच रात्र काढायची होती.

शोधत शोधत गाडीकडे निघालो. अस्वल दचकू नये म्हणून आवाज करत चालावं, हाही माझ्याच पानावरचा नियम. पुढे मी, मध्ये बायको, मागे मेहुणा. पाळीपाळीने एकेक टाळी. वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग मेहुण्याच्या टाळीनंतर आणखी एक वाजली.

मी म्हणालो, प्रतिध्वनी. पुढची फेरी झाली. माझी, हिची, त्याची. आणि ती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "प्रतिध्वनीला आपला नंबर कसा कळतो?"

मेहुण्याला मागे चालायचं नव्हतं. तो माझ्याही पुढे गेला. आता मागे बायको, आणि तिच्या टाळीनंतर ती. नंबर चुकला नाही. मी टाळ्या बंद करायला सांगितल्या. आम्ही तिघे थांबलो. रानात एक टाळी वाजली आणि मग बराच वेळ काहीच नाही, जणू आता पाळी आमची होती.

गाडीच्या बॉनेटवर पिशवी नीट ठेवलेली होती. जाकीट होतं, किल्ली होती. बिस्किटं संपली होती आणि कागदाची सुबक घडी घातलेली होती.

फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं की या रानात अस्वलं त्याच्या वडिलांच्या वेळेपासून नाहीत. मग टाळ्या कोणी वाजवल्या, असं मेहुण्याने विचारलं. रखवालदाराने लगेच फाटक उघडलं.

घरी पोचल्यावर दोर दिसला. कुलूप लावलेल्या डिकीच्या फटीतून त्याचं टोक बाहेर आलं होतं. डिकी कोणी उघडायची यावर घरात चर्चा झाली. तज्ज्ञ मीच, यावर प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं. मी म्हटलं, आधी हे लिहून काढतो.

सकाळी ते टोक वीतभर होतं. आता बोटभर आहे.