पाव्हणा की घरचा?

"म्याडम, आज बी काम न्हाई. आज पुरणपोळी हाय."

फोनवरचा बराका रडकुंडीला आला होता. टांझानियाहून शेतीची पदवी घ्यायला परभणीला आलेला हा सहा फुटी मुलगा चार वर्षांत मराठवाडी बोलायला शिकला होता. आता एकच डोंगर उरला होता. हंगामभर खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्याच्या रानात स्वतः राबायचं, 'हा राबला' असा त्याचा दाखला आणायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची. दाखला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पदवी नाही. त्यात डिसेंबरात त्याचा इथं राहण्याचा परवानाच संपत होता. म्हणजे रिकाम्या हातानं आईपुढं उभं राहायचं.

परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं पाहायला विद्यापीठात संघप्रिया एकटी होती. ती विभागप्रमुख नागेश सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, हे तुम्हीच बघा. तुम्ही म्हणजे आपल्या घरच्या. घरच्या माणसाला नाही सांगणार तर कुणाला?"

सरांनी हे वाक्य उच्चारलं की संघप्रियाचा रविवार गेलाच म्हणून समजावं. तसा तो गेला. बसनं देवगाव फाटा, तिथून ऑटोनं गाव, आणि गावात शिरताच पोरंसोरं तिला बराका ज्यांच्याकडे राहत होता त्या व्यंकटरावांच्या अंगणात थेट घेऊन गेली.

बराका बाजेवर, गादीवर बसलेला होता. अंगावर नवा टॉवेल, कपाळाला गंध, आणि सदऱ्याचं मधलं बटण जीव मुठीत धरून होतं. व्यंकटरावांच्या कारभारीण धुरपताबाई जात्यावर डाळ भरडत गात होत्या:

"पाव्हणा माझ्या दारी, समिंदराच्या पल्याडला,
कसा लावू बाई कामा, दुसरीच्या गं लेकराला."

ओवी इतकी गोड होती, की संघप्रियाला क्षणभर आपण भांडायला आलोय याचाच विसर पडला.

"काका, याला काम द्या ना हो," ती व्यंकटरावांना म्हणाली.

"पाव्हण्याला?" व्यंकटरावांनी कानाला हात लावला. "गाव शेण घालंल तोंडात."

"मग निदान दाखला तरी द्या, राबला म्हणून."

"न राबता राबला म्हणू? खोटं? ह्या वयात?"

"मग राबू द्या की!"

"पाव्हण्याला?"

संघप्रियानं कपाळावर हात मारला. बराकानं आपली कहाणी सांगितली. शाळेत झेंडावंदनाला प्रमुख पाहुणा तोच. पोळ्याला मानाचा बैल त्याच्या हाती. एकदा तो पहाटे खुरपं घेऊन गुपचूप रानात गेला, तर व्यंकटरावांच्या मुलानं, बजरंगनं, त्याला हाताला धरून परत आणलं आणि धुरपताबाई दिवसभर पदर डोळ्याला लावून बसल्या. "लेकराला आमचं काय टोचलं, की उपाशीपोटी रानात पळालं?"

बजरंग दारातच उभा होता. "म्याडम, ह्याच्या नावानं मला बी पोळी भेटायलीय. तुमी कशाला मधी पडायल्यात?"

"गप रं!" धुरपताबाई गरजल्या. "ऊठ, गोठा झाड. घरचा हायस का पाव्हणा?"

संघप्रियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मावशी, ह्याची माय लय लांब हाय. तुमी त्याला लेक माना. मग पाव्हणा कसला?"

धुरपताबाईंनी जात्याचा खुंटा सोडला. बराकाकडे पाहिलं. मग उठून त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि त्याच दमात म्हणाल्या, "ऊठ रं बारकू. बजरंग्यासंगं गोठा झाड."

बराका हसत उठला. संघप्रिया धपाटे-दही खाऊन तृप्त मनानं परतली. एवढी सोपी गोष्ट सरांना सुचू नये!

पुढं फोन कमी झाले, मग बंदच झाले. दाखला व्यंकटरावांनी आनंदानं दिला आणि तो वेळेत पोचलाही. नोव्हेंबरात तोंडी परीक्षेची तारीख लागली. बाहेरगावचे परीक्षक येऊन खुर्चीत बसले. बराकाचा पत्ता नाही. फोन बंद.

"ताई, परीक्षक संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. पुन्हा काही येत नाहीत ते," नागेश सर घामाघूम झाले. "तुम्हीच जा. आपल्या घरच्या..."

"जाते!" संघप्रिया म्हणाली आणि पुढचं वाक्य तिथंच तोडलं.

व्यंकटरावांच्या रानात कापूस नुसता फुटला होता, जसं चांदणं झाडाझाडाला अडकून राहावं. वर आभाळ काळं होत चाललं होतं. आणि सरीच्या टोकाला, कमरेच्या ओटीत कापूस कोंबलेला, उन्हानं रापलेला, वाळून लाकूड झालेला बराका.

"म्याडम, माय सोडंना!"

"मावशी, आज त्याची परीक्षा हाय!"

"मला काय कळंना का?" धुरपताबाईंचे हात थांबले नाहीत. "पाणी यायलंय, मजूर भेटंना. घरचा लेक असा माल टाकून जातो व्हय? एवढ्या सऱ्या झाल्या की जाईल."

"अहो, त्याची पदवी जाईल!"

"मग तुझ्यासंगं बोलण्यात येळ कशाला घालवू?"

संघप्रियानं पदर खोचला आणि बोंडाला हात घातला. धुरपताबाई केवढ्यानं ओरडल्या, "अगं अगं, तू नगं! पाव्हणी माणूस!"

"मी काय पाव्हणी हाय व्हय?" संघप्रिया चिडून बोलून गेली.

धुरपताबाईंचा चेहरा उजळला. पुढच्या क्षणी संघप्रियाच्या कमरेला फडकं बांधलं गेलं आणि रानात सूर लागला:

"हापिसाची लेक माझी, कापसाची वटी भरी,
कशी धाडू बाई तिला, राह्यल्यात चार सरी."

ओटीच्या तळाशी फोन वाजू लागला. तो वर काढेपर्यंत थांबला. पुन्हा वाजला. नागेश सर ओरडत होते, "कुठं आहात? परीक्षक निघायलेत! मी त्यांना घेऊन तिकडंच येतो आता!"

विद्यापीठाची जीप बांधाला येऊन थांबली तेव्हा दोन सऱ्या उरल्या होत्या. धुरपताबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "हे कोण गं?"

"ते टोपीवाले लय लांबून आलेले परीक्षक, मावशी."

टोपीवाल्यांना लगेच बांधावरच्या बाजेवर बसवलं. चहा आला, उकडलेल्या शेंगा आल्या. ते खूश झाले. "असू द्या," म्हणाले, "मी इथूनच विचारतो. बोल रे, बोंडअळी कशी ओळखशील?" बराका वेचता वेचता बोलू लागला, आणि एक किडकं बोंड त्यानं उचलून त्यांच्या हातावरच ठेवलं.

नागेश सर बाजेच्या उरलेल्या टोकाकडे सरकले. चष्मा पुसत बसणार, तोच धुरपताबाईंनी विचारलं, "आन् हे? पाव्हणे की घरचे?"

संघप्रिया वाकलेली होती. ताठ झाली. पाठीत कळ आली, पण ती गोड हसली.

"सर ना? सर तर आपल्या घरचेच, मावशी. घरच्या माणसाला नाही सांगणार तर कुणाला?"

धुरपताबाईंनी आपल्या कमरेचं फडकं सोडलं आणि सरांच्या पँटीवर आवळून गाठ मारली.