पोलिसाच्या गाडीच्या टपावर चीफचं रिव्हॉल्व्हर

पोलिसांनी रस्त्यात गाडी थांबवली तर काय करायचं, हे अख्ख्या मिशिगनमध्ये मर्विन टबर्गइतकं कोणालाच कळत नव्हतं. निदान मर्विनचं तरी असं ठाम मत होतं!

हा गडी आठवडाभर गाद्या विकायचा आणि शनिवारी चर्चच्या तळघरात, बंदुकीचा परवाना काढणाऱ्यांचा वर्ग घ्यायचा. "हात कुठे?" असा तो गरजायचा, की मागच्या बाकावरच्या आज्या दचकून हात वर करायच्या. "स्टिअरिंगवर! गोंद लावल्यासारखे! आणि तोंडातून पहिलं वाक्य कुठलं? 'माझं काय चुकलं' हे नाही! 'साहेब, माझ्याकडे परवाना आहे आणि शस्त्र अमुक जागी आहे.' कायदाच आहे तसा!"

गंमत म्हणजे, स्वतः मर्विनला आजवर एकदाही कोणी थांबवलेलं नव्हतं. वर्षभर घोकंपट्टी करावी आणि परीक्षाच रद्द व्हावी, तसं त्याचं झालं होतं.

त्या शनिवारी मात्र वर्गाला सुट्टी होती. गावात ब्लूबेरीची जत्रा होती, आणि मिरवणुकीचा मानकरी होता मर्विनचा सासरा, हार्लन डायकस्ट्रा. गावचा निवृत्त पोलीसप्रमुख. वय चौऱ्याऐंशी, आवाज चाळिशीतला. सगळं गाव त्याला 'चीफ' म्हणायचं, म्हणून जावईही चीफच म्हणायचा. लग्नानंतर एकदा त्याने 'डॅड' म्हणून बघितलं होतं. चीफने चष्म्यावरून असं काही पाहिलं, की मर्विनने पुढचे दोन महिने त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

तर चीफला मिरवणुकीत आपलं नोकरीतलं जुनं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून बसायचं होतं. त्याची लाकडी मूठ तडकली होती, म्हणून ते शेजारच्या गावातल्या कारागिराकडे दुरुस्तीला दिलेलं. ते आणायचं काम मर्विनने आपण होऊन अंगावर घेतलं.

"दहाच्या आत आण," चीफ म्हणाला. "बावीस वर्षांत तुला एकच काम सांगतोय."

"तुम्ही निश्चिंत राहा, चीफ!"

"बावीस वर्षं तेच तर जमत नाहीये."

मर्विनने ठरवलं, आज नाव काढायचंच! सकाळी नऊला त्याने रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतलं, रिकामं आहे ना ते तीनदा तपासलं, कमरेला खोचलं, वरून शर्ट सोडला आणि निघाला. सासऱ्याचा जीव की प्राण आपल्या कमरेला! त्या काळजीने त्याने गाडी अशी हाकली, जणू मागच्या सीटवर अंड्यांचं दुकान आहे. ताशी पंचावन्न मैलांच्या रस्त्यावर अठ्ठावीस! आणि मागे निळे-तांबडे दिवे लुकलुकले.

मर्विनला आधी घाम फुटला आणि मग चक्क आनंद झाला. परीक्षा! शेवटी परीक्षा आली!

गाडी बाजूला. खिडकी खाली. हात गोंद लावल्यासारखे. आलेला पोलीस म्हणजे कोडी, नोकरीतला तिसरा आठवडा, टोपी कानांवर टेकलेली.

"सर, तब्येत बरी आहे ना? मघाशी तुम्हाला सायकलवाल्या आजी ओलांडून गेल्या."

"साहेब! माझ्याकडे परवाना आहे! शस्त्र कमरेला उजव्या बाजूला आहे! हात स्टिअरिंगवर आहेत!"

"दिसतायत सर. ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये! स्पष्ट बोलतोय!"

कोडीला हे प्रकरण प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. त्याने मर्विनला हळूच खाली उतरवलं, त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर दोन बोटांत धरून काढलं आणि रिकामं असल्याची खात्री केली. "तपासणी होईपर्यंत हे माझ्याकडे. मग परत देतो. चालेल?"

"चालेल म्हणजे! हाच नियम आहे! मी स्वतः शिकवतो!" मर्विनचा ऊर भरून आला. इतका चांगला पोलीस! इतका चांगला नागरिक!

कोडीच्या एका हातात गाडीचं लायसन्स, दुसऱ्यात बंदुकीचा परवाना, काखेत वही. रिव्हॉल्व्हर कुठे ठेवणार? त्याने ते आपल्या गाडीच्या टपावर ठेवलं, दिव्यांच्या पट्टीमागे. आत बसून कागद तपासले, बाहेर येऊन परत दिले. "सगळं झकास आहे सर. जरा जोरात चालवा." एवढ्यात गाडीतला वायरलेस किंचाळला, "कोडी! कुठे उलथलास? मिरवणूक खोळंबलीये! पुढची गाडी तुझी आहे!"

कोडी उडी मारून गाडीत बसला आणि सायरन लावून सुसाट सुटला.

मर्विन कागद खिशात घालत होता. त्याने कमरेला हात लावला. मग लांब जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं. टपावर काहीतरी चमकत होतं.

"अहो! अहो साहेब! चीफचं... थांबा!"

आता तुम्हीच सांगा, पोलीस चोराच्या मागे लागतात हे ठीक. पण कायद्याने वागणारा माणूस सत्तरच्या वेगाने, हॉर्न बडवत, खिडकीतून हात हलवत पोलिसाच्या मागे लागलाय, हे कधी पाहिलंय? कोडीने आरशात पाहिलं. 'कसला प्रेमळ माणूस!' असं म्हणून त्यानेही हात हलवला आणि आणखी जोरात गेला.

गावाच्या वेशीशी लाकडी अडथळे लावले होते. कोडीसाठी ते उघडले आणि मर्विनसमोर बंद झाले. मध्ये सार्जंट रोन्डा उभी. कमरेवर हात, तोंडात च्युइंगगम.

हात पुन्हा स्टिअरिंगवर! "मॅडम, माझ्याकडे परवाना आहे!"

"आणि शस्त्र?"

"शस्त्र नाहीये."

"मग परवान्याचं कौतुक कशाला सांगतोस?"

"म्हणजे शस्त्र आहे! पण माझ्याकडे नाही. पोलिसांच्या गाडीच्या टपावर आहे!"

रोन्डाने वळून आपल्या गाडीचा टप पाहिला. मग मर्विनच्या तोंडाचा वास घेतला.

"तुमच्या नाही! त्या पोराच्या!" मर्विन रडवेला झाला. "चीफचं आहे हो ते! हरवलं तर मला घरात घेणार नाहीत! आणि रस्त्यात पडून कुणा लहान मुलाच्या हाती लागलं तर..."

रोन्डाचं च्युइंगगम थांबलं. तिने वायरलेसवर कोडीला हाका मारल्या. पण शाळेचा बँड वाजायला लागला होता, त्या ढोलांपुढे कोडीला सायरन ऐकू येईना तर वायरलेस काय! "उतर," ती म्हणाली. "पळ!"

गल्लीतून धापा टाकत दोघं मुख्य रस्त्याला लागले, तर मिरवणूक निघालेली. सगळ्यात पुढे कोडीची गाडी, मुंगीच्या चालीने. टपावर दिव्यांच्या पट्टीला टेकून रिव्हॉल्व्हर, उन्हात लखलखतंय! आणि बरोब्बर मागे उघड्या मोटारीत चीफ, छातीवर मानकऱ्याचा पट्टा, कमरेला रिकामी चामड्याची खोळ, आणि नजर? समोर! टपावर!

"मेलो," मर्विन म्हणाला.

"घेऊन टाकते," म्हणत रोन्डा पुढे झाली आणि थबकली. दोन्ही बाजूंना हजारो माणसं, कडेवर पोरं. त्यांच्या मधोमध पोलिसाने झडप घालून रिव्हॉल्व्हर उचललं तर? पळापळ, चेंगराचेंगरी! ती गाडीच्या बरोबरीने चालू लागली आणि खिडकीत पुटपुटली, "कोडी, हसत राहा. ब्रेक मारलास तर तुला मारीन. टपावर काय विसरलायस?"

कोडीचा हलवलेला हात हवेतच गोठला.

"टबर्ग, तू पलीकडून. एक हात टपावर ठेव. सरकलं तर धर. आणि चेहरा गंभीर कर."

"गंभीरच आहे हो!"

अशी ती वरात निघाली! डावीकडे सार्जंट, उजवीकडे गाद्यांचा दुकानदार, टपावर पंजे टेकवून पावलाला पाऊल जुळवतायत. लोकांनी ते रिव्हॉल्व्हर पाहिलं, मागे बसलेला म्हातारा चीफ पाहिला, आणि आपापला अर्थ लावला. एका म्हाताऱ्या सैनिकाने टोपी काढली, शेजारच्याने सलाम ठोकला. बघता बघता अख्खा रस्ता उभा राहिला! बायका डोळे पुसायला लागल्या. औषधांच्या दुकानाशी वळण आलं, रिव्हॉल्व्हर चार बोटं सरकलं, मर्विनने ते तळव्याने दाबून धरलं, आणि गर्दीला वाटलं, याला हुंदका आवरत नाहीये. टाळ्या!

बागेच्या फाटकाशी मिरवणूक थांबली. रोन्डाने रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचलून मर्विनच्या हाती दिलं. चीफ मोटारीतून उतरला आणि काठी टेकत समोर येऊन उभा राहिला.

"कोणाची कल्पना?"

"यांची!" रोन्डा आणि कोडी एका सुरात म्हणाले. बोटं मर्विनकडे.

चीफने रिव्हॉल्व्हर घेतलं, नव्या मुठीवरून अंगठा फिरवला, खोळीत सरकवलं. मग जावयाच्या खांद्यावर हात टाकून त्याला झाडाखाली नेलं. मर्विनला राहवेना.

"चीफ, खरं सांगू का? ही मानवंदना वगैरे काही..."

"गप. मी चाळीस वर्षं पोलिसात होतो, गाढवा. पोरगा टपावर विसरला, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं. पण तू मैलभर हात काढला नाहीस. ते मी बघत होतो."

मर्विनच्या छातीवरून जणू दुकानातल्या सगळ्या गाद्या उतरल्या! "म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"कसा रागावू? अडुसष्ट साली एका शेतकऱ्याची बंदूक तपासायला घेतली आणि मीही अशीच टपावर विसरलो होतो. तीन गावं फिरून आलो. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन मागे! ट्रॅक्टर त्याची मुलगी चालवत होती. काय शिव्या घातल्या तिने मला!"

"मग?"

"मग काय? तुझी सासू ती."

मर्विनने पलीकडे पाहिलं. कोडी टोपी हातात घेऊन, लाजत, एका मुलीला ब्लूबेरीचा केक नेऊन देत होता. आपल्याला दोन्ही मुलगेच आहेत, याबद्दल मर्विनने मनापासून देवाचे आभार मानले.