कागद आधी जातात

सामान बांधण्यात माझ्या बाबांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! अर्जुनराव, चाकणच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं डिस्पॅच सांभाळतात. त्यांनी बांधलेलं इंजिन समुद्र ओलांडून जातं, पण अंगावर ओरखडा येत नाही. त्यांच्यापुढे माझ्या दोन बॅगा म्हणजे किस झाड की पत्ती.

लग्नाला सहा महिने झालेले. मी जर्मनीत, नवरा दिग्विजय ऑस्ट्रियात आणि संसार मोबाईलच्या काचेत. शेवटी मी नोकरी सोडली, निगडीला आईबाबांना भेटायला आले, इथूनच व्हिएन्नाला नांदायला जाणार होते. जिवाला थारा म्हणून नव्हता. बसले की उठावंसं वाटे, उठले की दारापर्यंत जाऊन परत येई. उंबऱ्यात अडकलेल्या वाऱ्यासारखी.

"सोना, एका जागी राहा," बाबा म्हणाले. "ती फाईल दे इकडे. कागदांचं मी बघतो."

दिली. बाबांनी बॅगांना प्लास्टिक गुंडाळलं, पट्ट्या आवळल्या, वर 'ही बाजू वर' असा बाण चिकटवला. शेजारच्या आक्काबाई डोकावल्या.

"पोरगी धाडताय का गिअरबॉक्स, भाऊ?"

आई मात्र स्वयंपाकघरात धुमसत होती. धोंड्याचा महिना लागलेला, लग्नानंतरचा पहिलाच, आणि जेवू घालायला जावई नाही. तिला राग आला की ओवी सुचते:

लेक माझी जाती दूर, जाती बर्फाच्या देशाला
पुरण शिजतं चुलीवरी, जावई न्हाई धोंड्याला

"अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," बाबा म्हणाले आणि पट्टी आणखी आवळली.

निघायचा दिवस उजाडला. खाली टॅक्सी उभी. आईने तळहातावर दही घातलं. मी दुसऱ्या हाताने पर्स चाचपली.

"बाबा, पासपोर्ट?"

"तो गेला की. मागच्याच आठवड्यात, कुरिअरनं."

"कुठे?"

"व्हिएन्नाला, जावईबापूंकडे. माल निघायच्या आधी कागद पोहोचायला हवेत. नाहीतर माल तिकडे अडकून पडतो."

"आणि माल इकडेच अडकला तर?"

बाबा बॅगेवरच्या बाणाकडे बघत राहिले. दही माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. दिग्विजयचा मेसेज होता: "तुझा पासपोर्ट आला. फोटोत गोड दिसतेस. पण तू कधी येतेयस?"

मी रडले, ओरडले, मग बॅगेवरच बसले. ती हललीसुद्धा नाही, बांधणीच तशी होती. टॅक्सीवाल्याला आक्काबाईंनी चहा पाजून वाटेला लावलं. तिकडचा कुरिअरवाला पासपोर्ट घ्यायला तयार होईना. शेवटी दिग्विजयने रजा टाकली आणि पासपोर्ट खिशात घालून स्वतःच निगडीत येऊन उतरला.

आता तो पाटावर बसलाय. समोर चांदीचं निरांजन, ताटात तेहतीस अनारसे, तुपात बुडालेले धोंडे. बिचारा घाम पुसत जेवतोय. नवऱ्याकडे नांदायला निघालेली मी त्याला माहेरीच वाढतेय. आईची ओवी बंद आहे, चेहरा मात्र गातोय.

माझ्या मनात काहीतरी चमकलं.

"बाबा, पंचवीस वर्षांत तुमचे किती कागद चुकीच्या ठिकाणी गेले हो?"

"एकही नाही," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता जावयाच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला.