गरिमाचं लक्ष कुठे असतं

"हे काय आहे?" मधुसूदनरावांनी झारा उंच धरला.

गरिमा खिडकीबाहेर पाहत होती. चैत्राच्या उन्हात खाली खासगी बाजाराची गल्ली पेंगत होती. लांब किल्ला धुरकट निळा दिसत होता आणि त्याच्यावर एक तुटलेला पतंग कुठेही न जाता तरंगत होता.

"गरिमा, लक्ष कुठे आहे?"

"यहीं हूँ, बाबा. ये... उलथनं?"

उलथनं काल होतं. मधुसूदनरावांनी आयुष्यभर कॉलेजात भाषा शिकवली होती. लक्ष दिलं की शब्द चिकटतोच, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या मुलाची, अभिरामची, ही हिंदीभाषी बायको त्या सिद्धांताला सुरुंग लावायला निघाली होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू परवावर आलं होतं आणि लष्कर मोहल्ल्यातल्या साऱ्या मराठी बायका नव्या सुनेचा उखाणा ऐकायला येणार होत्या. उखाणा फसला तर त्या वर्षभर चघळतील, हे गरिमालाही ठाऊक होतं. ती रात्री अभिरामपाशी रडलीसुद्धा होती.

धडा संपला की पुण्याहून कुमुदिनीचा, म्हणजे सासूबाई पद्माताईंच्या बहिणीचा फोन यायचा. पद्माताई स्वयंपाकघरातून मोकळ्या आवाजात बोलायच्या. सुनेला मराठी कुठे कळतंय!

"आमची गरिमा ना..." अशी सुरुवात व्हायची. खिडकीत बसलेल्या गरिमाचा पतंग त्याच क्षणी खाली यायचा.

हळदीकुंकवाला घर भरलं. गौर झोपाळ्यावर बसली, पन्हं फिरलं, कैरीची डाळ संपत आली. शेजारच्या सुमनताईंनी ओटीत हरभरे घेतले आणि फर्मावलं, "चला सूनबाई, नाव घ्या!"

मधुसूदनरावांनी चार ओळींचा भारदस्त उखाणा पाठ करून घेतला होता. ते दाराआड ओठ हलवत उभे राहिले.

"नभांगणी..." गरिमा म्हणाली. पुढे नभ तेवढं मोकळं होतं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. काहीतरी मराठी बोलायलाच हवं होतं. तिने डोळे मिटले आणि थेट पद्माताईंच्या हेलात सुरू केलं:

"आमची गरिमा ना, चहा पुचाट करते, पोळीचा नकाशा करते, दूध तर रोज उतू! हिचं ध्यानच नसतं घरात. पण पोर लाघवी आहे गं, कुमुद. दोन दिवस माहेरी गेली तर मला घर खायला उठलं." मग एकदम आठवून, "अभिरामरावांचं नाव घेते!"

पद्माताईंच्या हातातलं पन्हं तिरकं झालं. मग सुमनताई इतक्या हसल्या की गौरीचा झोपाळा हलला, आणि पाठोपाठ सगळं घर हसलं. असा उखाणा लष्कर मोहल्ल्यात कुणी ऐकला नव्हता. दाराआड मधुसूदनराव पुटपुटत होते, "पुचाट? हे मी कधी शिकवलं?"

पद्माताई मात्र संध्याकाळपर्यंत सुनेकडे बघेनात. त्यांना फार लाजल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्यांनी विचार केला, आता बोलायचं कशात? हिंदी तर हिची मायबोलीच. तिसरी भाषा येत नव्हती. त्यांनी फोन तसाच वाजू दिला आणि गॅसपाशी उभ्या राहिल्या.

गरिमा आपण होऊन आत आली.

"आई, एक पूछना था. लाघवी म्हणजे... अच्छा असतं ना?"

पद्माताई वळल्या. "म्हणजे तुला माहीत नव्हतं? आणि सगळ्यांसमोर बोललीस?"

"पुचाट कळलं होतं, चहा पिऊन. लाघवी नाही कळलं. पण ते बोलताना तुमचा आवाज हळू व्हायचा. म्हणून ध्यानात राहिलं."

पद्माताईंनी तिला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. खिडकीत मधुसूदनराव झारा घेऊन धड्याची वाट बघत बसले होते.

"आई," गरिमा हळूच म्हणाली, "दूध उतू गेलं."

गॅसवर ते पद्माताईंनीच ठेवलं होतं.